अमेरिकेत नवीन आलात? त्या त्या गावचा पिझ्झा असा शोधा, असा खा

अमेरिकेत उतरल्यावर पहिल्या आठवड्यात सोशल सिक्युरिटीचा अर्ज, बँकेचं खातं, फोन आणि भाड्याचं घर यांबद्दल कुणी ना कुणी सांगतंच. ऑफिसातले सांगतात, महाराष्ट्र मंडळातले सांगतात. खाण्याबद्दल मात्र बहुतेक वेळा एकच माहिती मिळते, ती म्हणजे जवळचं पटेल ब्रदर्स, म्हणजे भारतीय किराण्याचं दुकान, कुठे आहे. ते लागणारच आहे. पण मी इथे बरीच वर्षं काढली आहेत, नोकरीपायी शहरं बदलली आहेत, आणि नव्याने येणाऱ्याला एक गोष्ट आवर्जून सांगत आलो आहे. सामान लावून झालं की त्या शहराचा पिझ्झा शोधून काढा. मोठ्या साखळीतला नको, ॲपवरून घरी मागवलेलाही नको. स्वतः दुकानात जा, काउंटरसमोर उभे राहा आणि गरम असतानाच खा.

आपल्याकडे डॉमिनोज आणि पिझ्झा हट दोन्ही 1996 मध्ये आले, आणि पिझ्झा म्हणजे तीच एक चव हे आपल्या मनात बसलं. इथे शहर बदललं की पीठ, भट्टी, चीज, सॉस घालण्याचा क्रम आणि तुकडे कापण्याची पद्धत, सगळंच बदलतं. त्यामागे कारणं असतात. त्या गावात कुठून माणसं येऊन राहिली, कारखाने कसले होते, दुकानात भट्टी कोळशाची होती की गॅसची. म्हणून माझा पहिला आग्रह हा, की आधीच्या शहरातला पिझ्झा डोक्यात धरून नव्या शहरात खायला बसू नका. न्यू जर्सीहून शिकागोला गेलेले आपले कितीतरी लोक वर्षभर नाक मुरडत राहतात आणि शेवटपर्यंत शिकागोचं खरं काही खातच नाहीत.

आधी शाकाहाराचं

हा प्रश्न पहिला येतो, म्हणून पहिला घेतो. साधा चीज पिझ्झा सगळीकडे मिळतो, त्यामुळे उपाशी राहण्याची वेळ येत नाही. पण कडक शाकाहार पाळत असाल तर चीजची चौकशी करावी लागते. पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेटनेच (दूध गोठवणारा पदार्थ) करतात, तसा नियमच आहे. पेकोरिनो रोमानोलाही कोकराचं रेनेट लागतं. अमेरिकेत तयार होणारं बहुतेक मोझरेला मात्र आता प्राण्याच्या रेनेटशिवाय बनतं. म्हणजे अडचण बहुधा वरून किसून भुरभुरलेल्या चीजची असते. ‘नो ग्रेटेड चीज, प्लीज’ म्हटलं की काम होतं.

दुसरी गोष्ट कटरची. पेपरोनीचा (मांसाच्या चकत्यांचा) पिझ्झा ज्या चाकाने कापला त्यानेच तुमचा कापतात. ‘कुड यू यूज अ क्लीन कटर?’ असं सरळ विचारा. कुणी वाईट वाटून घेत नाही, ॲलर्जीमुळे इथले लोकही हेच विचारत असतात. कांदा-लसूण नको असेल, चातुर्मास असेल, तर सॉसमध्ये लसूण आहे का हे विचारून घ्या, आणि व्हाइट पिझ्झापासून (टोमॅटो सॉस नसलेल्या) लांब राहा, त्यात लसूण जवळपास ठरलेलाच. सीझर सॅलडमध्ये बहुधा अँकोव्ही मासा असतो, हे नव्याने आलेल्यांना कुणी सांगत नाही. बीफ टाळणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की सॉसेज बहुधा डुकराचं असतं, पण पेपरोनीत डुक्कर आणि बीफ बहुतेक वेळा एकत्र असतं, आणि मीटबॉलमध्ये बीफ धरूनच चालावं.

न्यूयॉर्क: उभ्याने खायचा स्लाइस

गेन्नारो लोम्बार्डी यांच्या स्प्रिंग स्ट्रीटवरच्या दुकानाचं साल 1905 सांगतात, आणि अमेरिकेतला पहिला पिझ्झेरिया म्हणून त्याचंच नाव घेतात. त्या काळच्या भट्ट्या कोळशाच्या. त्यांची आच इतकी, की पातळ पिझ्झा काही मिनिटांत निघतो, पण तो तेव्हाच खावा लागतो. म्हणून ब्लीकर स्ट्रीटवरचं 1929 चं जॉन्स किंवा कोनी आयलंडचं 1924 चं टोटोनोज अशा जुन्या कोळशाच्या दुकानांत सुटा स्लाइस मिळत नाही, अख्खा पिझ्झाच घ्यावा लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर गॅसच्या भट्ट्या आल्या. त्यांची आच कमी, पिझ्झा जरा सावकाश भाजला जातो, आणि तो काचेमागे ठेवून एकेक तुकडा पुन्हा गरम करून विकता येतो. न्यूयॉर्कचा रस्त्यावरचा स्लाइस या गॅसच्या भट्टीने दिला.

पहिल्यांदा जाल तेव्हा गोंधळायला होतं, कारण रांग भराभर पुढे सरकते आणि काउंटरमागच्या माणसाला वेळ नसतो. काचेमागे तयार पिझ्झे मांडलेले असतात. आपली पाळी आली की ‘वन प्लेन’ म्हणा, किंवा बोट दाखवा. तो एक तुकडा उचलून भट्टीत सरकवतो, पुढच्या गिऱ्हाइकाचे पैसे घेतो, आणि दोनेक मिनिटांनी कागदी प्लेट तुमच्याकडे ढकलतो. प्लेटचा कागद तेलाने लगेच पारदर्शक होतो. वर लाल मिरचीचे फ्लेक्स घ्या, लसणाची पूड घ्या. ओरेगॅनोच्या पुड्या मागू नका, त्या इथे सहसा नसतात, आणि केचपही नसतं. मग तुकडा लांबीच्या दिशेने मधोमध दुमडायचा, टोक किंचित खाली करायचं, आणि थोडं पुढे वाकून खायचं, म्हणजे तेल शर्टावर न गळता प्लेटमध्ये पडतं. तुकडा दुमडल्यावर कडा तडकावी, पण मोडू नये. पीठ चांगलं आंबलंय आणि नीट भाजलंय याची ही खूण. न्यूयॉर्कच्या पाण्यामुळे पिझ्झा तसा होतो असं तिथले लोक छातीठोकपणे सांगतात. मला विचाराल तर पाण्यापेक्षा जास्त ग्लूटेनचा मैदा आणि थंडीत रात्रभर मुरलेलं पीठ यांचं श्रेय मोठं आहे.

सुरुवात ग्रीनिच व्हिलेजमधल्या कार्माइन स्ट्रीटवरच्या जोज पिझ्झापासून करा. 1975 पासूनचं दुकान आहे, साधा चीज स्लाइस घ्या, बाकी काही नको. मग सुट्टीच्या दिवशी ब्रुकलिनला मिडवुडमध्ये ॲव्हेन्यू जेवरच्या डि फाराला जा. डॉम डिमार्को यांनी ते 1965 मध्ये उघडलं. गरम पिझ्झ्यावर ताजी बेझिलची पानं हातातल्या कात्रीने कापून घालण्याची त्यांची पद्धत होती, आणि दशकानुदशकं ते जवळजवळ प्रत्येक पिझ्झा स्वतः करत. 2022 मध्ये ते गेले, पण रस्ता वाकडा करून जावं असं ते ठिकाण आजही आहे. जाडसर चौकोनी सिसिलियन खायचा असेल तर दक्षिण ब्रुकलिनमधलं एल अँड बी स्पुमोनी गार्डन्स. तिथे चीज खाली आणि सॉस वर. उन्हाळ्यात बाहेरच्या बाकांवर तीन पिढ्यांची कुटुंबं बसलेली असतात, आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांना तिथेच न्या.

पैशांचं म्हणाल तर स्लाइसची किंमत आणि सबवेचं भाडं जोडीनेच वाढतात, असं न्यूयॉर्कमध्ये निदान 1980 पासून बोललं जातं, आणि साधारणपणे ते जमतंही. विद्यार्थ्यांनी हे लक्षात ठेवावं. या शहरात इतक्या कमी पैशांत गरम आणि मनासारखं दुसरं काही मिळत नाही.

न्यू जर्सी: आपल्या लोकांचं अंगण

एडिसन, आयसेलिनला ओक ट्री रोडच्या आसपास पनीर आणि हिरव्या मिरचीचा पिझ्झा मिळतो. पहिल्या महिन्यात घरची आठवण आली की तो खाल, जरूर खा. पण न्यू जर्सीचं स्वतःचं काही तरी आहे, आणि ते बहुतेक मराठी घरांना ठाऊक नसतं. ते म्हणजे ट्रेंटनचा टोमॅटो पाय. पातळ कुरकुरीत बूड, त्यावर आधी चीज आणि मग ठेचलेले टोमॅटो. क्रम उलटा केल्यामुळे टोमॅटोची आंबटगोड चव थेट जिभेवर येते आणि चीज त्याच्या मागून येतं. यातली दोन जुनी नावं म्हणजे पापाज, 1912 पासूनचं, आणि डी लोरेंझोज. दोघांनीही ट्रेंटन सोडलं आणि दोन्ही आता रॉबिन्सव्हिलला आहेत. रॉबिन्सव्हिल म्हणजे तेच, जिथे 2023 मध्ये अक्षरधाम मंदिर खुलं झालं. पाहुणे आले की आपण सगळे तिथे नेतोच. दर्शन आटोपल्यावर थेट हायवेला लागू नका, त्याच गावात टोमॅटो पाय खाऊन मग निघा. गर्दी असते, शनिवारी-रविवारी आधी फोन करून घ्या.

जर्सी सिटीत राहणाऱ्या तरुण मंडळींना नदी ओलांडायची गरजच नाही. ग्रोव्ह स्ट्रीटवर राझा आहे, लाकडाच्या भट्टीचं. न्यूयॉर्क टाइम्सने 2017 मध्ये त्याला तीन तारे दिले, आणि त्या वेळी न्यूयॉर्ककरांना ते चांगलंच झोंबलं होतं. महाग आहे. बोनस झाला, पगारवाढ झाली, तर जायचं असं ठेवा.

न्यू हेवन: एवढ्यासाठी गाडी काढावी असं गाव

मला स्वतःला कुठला पिझ्झा सगळ्यात प्रिय, असं विचारलंत तर उत्तर न्यू हेवन. कनेक्टिकटमध्ये हार्टफर्डच्या विमा कंपन्यांत किंवा स्टॅमफर्डला नोकरी लागली असेल तर तुम्ही नशीबवान आहात. न्यूयॉर्कहून ग्रँड सेंट्रलला मेट्रो नॉर्थची गाडी पकडली तरी दोनेक तासांत पोचता येतं.

वूस्टर स्ट्रीट हा जुना इटालियन मोहल्ला. अमाल्फी किनाऱ्यावरून आलेल्या फ्रँक पेपे यांनी 1925 मध्ये इथे दुकान काढलं. त्यांच्या भाच्याने 1938 मध्ये त्याच रस्त्यावर सॅलीज उघडलं. थोडं लांब, स्टेट स्ट्रीटवर, 1934 चं मॉडर्न. या तिघांत श्रेष्ठ कोण यावर त्या गावात घराघरांत वाद आहेत, त्यात नव्या माणसाने पडू नये, तिन्हीकडे खावं.

पेपेमध्ये बसायला जागा मिळाली तर भट्टी दिसेल अशी घ्या. पांढऱ्या विटांची, तोंड छोटं, आत कोळसा. भट्टी इतकी खोल, की पिझ्झा आत-बाहेर करायला वापरतात ते लाकडी फावडं माणसाच्या दुपटीहून लांब असतं. ते मागे ओढताना भाजणारा माणूस वळूनही बघत नाही, पण मागून जाणारे सगळे आपोआप बाजूला होतात. पिझ्झा येतो तो गोल नसतो, लांबट, वेडावाकडा, कागद अंथरलेल्या पत्र्याच्या ट्रेमध्ये. कडा काळ्या. तो करपलेला नाही, परत पाठवू नका. त्या काळेपणाची किंचित कडवट चव त्यांना हवी असते, आणि दुसऱ्या तुकड्यापर्यंत ती आपल्यालाही हवीशी वाटते.

इथे एक गोष्ट माहीत असावी लागते. ‘प्लेन’ मागितलात तर टोमॅटो, ओरेगॅनो आणि किसलेलं पेकोरिनो एवढंच येतं. मोझरेला हवं असेल तर वेगळं सांगायचं, तिथले लोक त्याला ‘मुत्झ’ म्हणतात. शाकाहारी माणसाने मुत्झ आणि कांदा, किंवा उन्हाळा असेल तर ताज्या टोमॅटोचा घ्यावा.

मासे खाणाऱ्यांनी मात्र व्हाइट क्लॅम सोडू नये. टोमॅटो नाही, मोझरेला नाही. ताजे सोललेले क्लॅम, लसूण, ऑलिव्ह तेल, ओरेगॅनो आणि थोडं पेकोरिनो. क्लॅम म्हणजे आपल्या तिसऱ्यांच्याच नात्यातले शिंपले, आकाराने मोठे. कोकणातल्या, गोव्यातल्या माणसाला अमेरिकेत समुद्राची चव लागते ती इथे. माझी मालवणची मावशी आली होती तेव्हा मी तिला घेऊन गेलो. शिंपल्यांच्या बाबतीत ती कुणाचं ऐकून घेत नाही. तिने एक क्लॅम बोटांनी उचलला, वास घेतला, खाल्ला, आणि म्हणाली, “ताजे आहेत रे. रेव अजिबात नाही.” मग तिने काट्या-चमच्याची भानगड बाजूला ठेवून निम्मा पिझ्झा संपवला, आणि परतीच्या वाटेवर हे इथल्या कुठल्या खाडीतून येतात याची चौकशी करत बसली. सोबत फॉक्सन पार्कचा व्हाइट बर्च सोडा घ्या, तो शेजारच्या ईस्ट हेवनमध्ये बनतो.

बॉस्टन

नॉर्थ एंडमध्ये थॅचर स्ट्रीटवर 1926 पासूनचं रेजिना आहे. शाखा बऱ्याच आहेत, पण मूळ दुकानातच जा. दुपारी मोकळे असाल तर तिथून चालत गॅलेरिया उंबेर्तो, चौकोनी सिसिलियन तुकडे, स्वस्त, आणि माल संपला की दुकान बंद. बॉस्टनच्या उपनगरांत ‘हाउस ऑफ पिझ्झा’ अशा पाट्या जागोजागी दिसतील. ही ग्रीक कुटुंबांनी चालवलेली दुकानं, पिझ्झा तव्यासारख्या पॅनमध्ये भाजलेला, जरा तेलकट. चव साधीच, पण बर्फ पडत असताना रात्री उशिरापर्यंत तीच उघडी असतात.

डेट्रॉईट: कारखान्याच्या ट्रेमधला

पुण्या-चाकणहून गाड्यांच्या धंद्यातले किती इंजिनिअर ट्रॉय, नोव्हाय, फार्मिंग्टन हिल्सला आले आहेत हे मी सांगायला नको. त्यांना इथला पिझ्झा सगळ्यात लवकर आपलासा वाटेल, कारण तो कारखान्यातूनच आलाय. 1946 मध्ये कोनंट स्ट्रीटवरच्या बडीज नावाच्या बारमध्ये गस गेरा यांनी तो सुरू केला. भाजायला भांडं कुठलं, तर गाड्यांच्या कारखान्यात सुटे भाग ठेवायला वापरत ते निळसर पोलादाचे चौकोनी खोलगट ट्रे. पिंपरीच्या शॉप फ्लोअरवर काम केलेल्याला ते ट्रे बघताक्षणी ओळखू येतील.

जाड पत्र्यामुळे बूड खालून चांगलं तळल्यासारखं होतं. चीज विस्कॉन्सिनचं ब्रिक, लोण्यासारखं मऊ, आणि ते थेट ट्रेच्या भिंतीपर्यंत पसरतात. भट्टीत ते कडेने वितळून खाली उतरतं आणि भिंतीला चिकटून खरपूस होतं. थालीपिठाची तव्याला लागलेली कुरकुरीत कड ज्याला आवडते त्याला ही कड आवडणारच. सॉस सगळ्यात शेवटी, वरून पट्ट्यांसारखा. आठ तुकडे होतात, त्यातले चार कोपऱ्यांचे, आणि घरात मुलं असतील तर कोपऱ्यांवरून भांडण ठरलेलं. चार जण असाल तर दोन लहान घ्या, एक मोठा नको, म्हणजे प्रत्येकाला दोन दोन कोपरे मिळतात.

बडीजच्या उपनगरांत शाखा आहेत, पण मूळ कोनंटवरची जागा एकदा बघावी. हेझेल पार्कचं लुईज आणि ईस्टपॉइंटचं क्लोव्हरलीफ ही दोन नावंही टिपून ठेवा. क्लोव्हरलीफ गेरा यांनीच बडीज सोडल्यावर 1953 मध्ये काढलं.

शिकागो: दोन पिझ्झ्यांचं शहर

पाहुण्यांना घेऊन सगळे डीप डिशला जातात. 1943 मध्ये पिझ्झेरिया उनोमध्ये त्याची सुरुवात झाली. खोल पॅन, लोण्याची खुसखुशीत पारी, त्यावर चीज, भाज्या, आणि सगळ्यात वर टोमॅटो. टोमॅटो वर का? कारण हा भट्टीत अर्धा-पाऊण तास असतो, चीज वर ठेवलं तर जळून जाईल. म्हणून बसल्या बसल्या आधी ऑर्डर द्या, मग मेन्यू वाचत बसा. बहुतेकांचा एका तुकड्यात निकाल लागतो, तेव्हा आकार एक पायरी लहानच घ्या. लू मालनाटीजमध्ये सॉसेज सुट्या तुकड्यांत नसून एक अख्खी सपाट चकती म्हणून खाली लपलेलं असू शकतं, वरून दिसत नाही. शाकाहारींनी ऑर्डर देताना स्पष्ट बोलावं. जिओर्डानोजचा पालक भरलेला स्टफ्ड पिझ्झा आमच्या घरी सगळ्यांना चालतो. पेक्वॉड्सच्या कडेला जळत आलेल्या चीजची काळपट चंद्रकोर असते, ती माझी आवडती.

पण शिकागोचे लोक शुक्रवारी संध्याकाळी घरी काय मागवतात, तर टॅव्हर्न स्टाइल. पापडासारखा पातळ, गोल, पण छोट्या चौकोनांत कापलेला. बारमध्ये बिअरबरोबर एका हाताने खाता यावा म्हणून असे तुकडे. दक्षिण शिकागोत पुलास्की रोडवरचं विटो अँड निक्स हे त्यातलं जुनं ठिकाण. रोख पैसे घेऊन जा. वर जिआर्दिनेरा घालायला सांगा. तेलात मुरवलेल्या मिरच्या, गाजर, फ्लॉवर, सेलरी. लोणच्याशिवाय ज्याचं पान हलत नाही त्याला इथे जिआर्दिनेरा सापडलं की तो घरी बरणीच आणून ठेवतो. नेपरव्हिल, शॉमबर्गला राहणाऱ्यांनी डीप डिश वर्षातून दोनदा आणि टॅव्हर्न स्टाइल महिन्यातून दोनदा असा हिशेब ठेवला तर शिकागो नीट कळेल.

सेंट लुइस

इथलं नाव म्हणजे इमोज, 1964 पासूनचं. बिस्किटासारखं बिनयीस्टचं बूड, चौकोनी तुकडे, आणि प्रोव्हेल नावाचं प्रोसेस्ड चीज, जे ताणलं जात नाही, दाताला चिकटतं. मला ते आवडलं नाही. तिथे वाढलेल्या मुलांना मात्र दुसरं काही चालत नाही, आणि तुमचीही मुलं तिथे वाढली तर त्यांनाही चालणार नाही. एकदा खाऊन ठरवा.

फीनिक्स

चँडलरला चिपच्या कारखान्यांत आलेल्यांसाठी सांगतो, देशातल्या सगळ्यात नावाजलेल्या पिझ्झेरियांपैकी एक तुमच्या दाराशी आहे. क्रिस बियान्को यांनी 1988 मध्ये एका किराणा दुकानाच्या कोपऱ्यात सुरुवात केली, आणि 2003 मध्ये त्यांना जेम्स बिअर्ड हा अमेरिकेतल्या शेफना मिळणारा मानाचा पुरस्कार मिळाला. हेरिटेज स्क्वेअरवरच्या पिझ्झेरिया बियान्कोमध्ये जाऊन ‘रोझा’ मागा. लाल कांदा, पार्मिजानो, रोझमेरी आणि ॲरिझोनाचेच पिस्ते. टोमॅटो नाही. पिस्ता आपण बर्फीत आणि श्रीखंडात खाल्लेला असतो, भाजलेल्या कांद्याबरोबर खारट चवीत तो किती चांगला लागतो हे इथे कळतं.

बे एरिया

सनीव्हेल, फ्रीमॉंटला करी पिझ्झ्याची दुकानं आता इतकी आहेत, की पार्टी म्हटलं की तोच येतो. त्याचं मूळ सॅन फ्रान्सिस्कोत मिशन स्ट्रीटवरच्या झांटे या दुकानात आहे. दलविंदर मुलतानी यांनी 1986 मध्ये एक इटालियन पिझ्झेरिया विकत घेतला आणि पिझ्झ्यावर पालक, वांगं, फ्लॉवर, आलं, कोथिंबीर घालायला सुरुवात केली. ज्या घरात आजीला चीज पिझ्झा फिका लागतो त्यांनी इथे जावं.

शाकाहारी माणसासाठी माझी पहिली शिफारस मात्र बर्कलीचं चीज बोर्ड. शॅटक ॲव्हेन्यूवर. दुकान कामगारांच्याच मालकीचं आहे, 1971 पासून. दिवसाला एकच पिझ्झा असतो, आणि तो नेहमी शाकाहारी असतो. आज मका-कांदा-लिंबू, उद्या मशरूम, परवा बटाटा. काय आहे ते आधीच जाहीर केलेलं असतं. निवड नसल्यामुळे लांब रांगही झपाट्याने सरकते, कारण विचारायचं फक्त अर्धा की अख्खा एवढंच. सोबत एक हिरवी चटणीसारखी सॉस देतात, आणि डब्यात वर एक लहानसा तुकडा जास्तीचा ठेवतात. ‘यात मांस आहे का’ हे न विचारता आई-बाबांना घेऊन जाता येईल अशी जागा या देशात सापडणं किती मोठी गोष्ट आहे, हे वर्षभर राहिलात की कळेल.

सॅन फ्रान्सिस्कोच्या नॉर्थ बीचमध्ये टोनी जेमिन्यानी यांचं दुकान आहे. नेपल्सच्या स्पर्धेत 2007 मध्ये मार्गेरिटासाठी जिंकलेला हा माणूस. एकाच छताखाली वेगवेगळ्या भट्ट्या आणि शहराशहराच्या पद्धतीचे पिझ्झे. वर सांगितलेल्या गावांना कधी जाणं होणार नसेल तर इथे नमुना मिळतो. शनिवारी जाऊ नका.

जिथे स्वतःचा पिझ्झा नाही तिथे

डॅलस, ॲटलांटा, शार्लट, रॅले. आपले हजारो लोक इथे आहेत, आणि या शहरांना पिझ्झ्याची जुनी परंपरा नाही. तिथे बाहेरून येऊन बसलेलं एखादं कुटुंब शोधायचं असतं, ब्रुकलिनहून, जर्सीहून किंवा मिशिगनहून आलेलं. ऑनलाइन तारे बघून ते सापडत नाही. न्हाव्याला विचारा, मुलाच्या बसच्या थांब्यावरच्या पालकांना विचारा, ऑफिसात मूळचा न्यूयॉर्कचा कोण आहे ते शोधून त्याला विचारा. दुकानात शिरल्यावर छतापर्यंत रचलेले घडी न उघडलेले खोके दिसले, भिंतीवर शाळेच्या बेसबॉल संघांचे फोटो दिसले, आणि मालक स्वतः पीठ फिरवत असेल, तर बसा. पहिल्यांदा साधं चीजच घ्या. पीठ, सॉस आणि भट्टी यांची परीक्षा त्यातच होते. टॉपिंग्ज पुढच्या वेळी.

एक हिशेब सांगून ठेवतो, कारण नवीन माणूस इथे हमखास जास्त पैसे देतो. 12 इंची दोन पिझ्झ्यांपेक्षा 18 इंची एक पिझ्झा मोठा असतो. क्षेत्रफळ काढून बघा, दोन मिळून 226 चौरस इंच आणि एकटा 254. बहुतेक ठिकाणी तो स्वस्तही पडतो, आणि अर्ध्यावर शाकाहारी, अर्ध्यावर दुसरं असं सांगता येतं.

ऑर्डर थेट दुकानात फोन करून द्या. ॲपवर किमती चढ्या असतात, आणि त्यातला मोठा हिस्सा दुकानाला मिळत नाही. उच्चाराची काळजी करू नका, नाव सोपं करून सांगा आणि स्पेलिंग म्हणा. टिपचं म्हणाल तर, काउंटरवर घेतलंत तर डब्यात एखादा डॉलर, टेबलावर बसून खाल्लंत तर 18 ते 20 टक्के, घरी आणून दिलं तर आणणाऱ्याच्या हातात निदान चार-पाच डॉलर. बिलावर ‘डिलिव्हरी फी’ लिहिलेली असते ती टिप नसते, ती बहुधा त्या पोराला मिळतच नाही.

उरलेला पिझ्झा मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, पीठ वातड होतं. बिडाचा तवा मंद आचेवर ठेवा, तुकडा ठेवा, बाजूला पाण्याचे दोन थेंब टाकून झाकण घाला. बूड कुरकुरीत होईपर्यंत चीजही विरघळतं. डीप डिशला मात्र ओव्हनच लागतो.

शुक्रवारी सहा ते आठ ही सगळीकडची गर्दीची वेळ, त्या दोन तासांत पहिल्यांदा जाऊ नका, कुणाला तुमच्याशी बोलायला फुरसत नसेल. मंगळवारी-बुधवारी जा. आणि फेब्रुवारीतल्या सुपर बोलच्या (अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना) रविवारी घरी मंडळी जमणार असतील तर ऑर्डर आदल्या दिवशीच सांगून ठेवा. त्या संध्याकाळी फोन लागत नाही.